तलावाच्या कडेला दोन आकडे लिहा : गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापकीय समितीचे सर्व सदस्य,
पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील, पोहण्याचा तलाव असलेल्या सर्व गृहनिर्माण संस्था

स.न.वि.वि.

वार्षिक परीक्षा संपत आल्या की सोसायट्यांना तलावाची आठवण होते. टाइल्स घासल्या जातात, कंत्राटदाराशी नवा करार होतो, वेळापत्रक लिफ्टजवळ लागतं. एप्रिल उजाडला की संध्याकाळी पाच ते आठ त्या पाण्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. ही गर्दी सुरू होण्याआधी तुमच्या बैठकीत एक विषय चर्चेला यावा म्हणून हे पत्र लिहिते आहे.

माझी सगळी नोकरी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत झाली. निवृत्त झाल्यापासून आमच्या आणि ओळखीच्या सोसायट्यांमधल्या तलावांचं पाणी तपासून देते. यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्याकडे तलावात रसायनं भरपूर ओतली जातात, पण पाण्यात त्यातलं किती शिल्लक आहे हे कुणी मोजत नाही. ज्या पाण्यात आपली चार-पाच वर्षांची नातवंडं नाकातोंडात पाणी जाईपर्यंत खेळतात, ते मगाने अंदाजे ओतलेल्या रसायनावर चालतं.

माझी मागणी एकच आहे. तलावाच्या कडेला, पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा एक फलक लावा. त्यावर दिवसातून निदान तीनदा फ्री क्लोरीन (जंतू मारायला तयार असलेलं क्लोरीन) आणि पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) हे दोन आकडे लिहिले जावेत, सोबत तपासणीची वेळ आणि तपासणाऱ्याचं नाव. आकडा मर्यादेबाहेर गेला तर कुणालाही न विचारता तलाव बंद करण्याचा अधिकार त्या तपासणाऱ्याला लेखी द्या.

रजिस्टर तर असतंच की, असं तुम्ही म्हणाल. एका सोसायटीत मी ते रजिस्टर मागितलं. मंगळवारची दुपार होती. पानावर सोमवारपासून रविवारपर्यंत सगळे रकाने भरलेले होते: पीएच 7.4, क्लोरीन 1.5, एकाच पेनाने, एकाच दमात. शनिवार-रविवार अजून उजाडायचे होते. मी त्या मुलाला रागावले नाही. तो सकाळी सहापासून तीन सोसायट्यांचे तलाव सांभाळतो. त्याच्या हातात जो किट होता त्यातल्या बाटलीवरची मुदत कधीच उलटून गेली होती, आणि आकडे कशासाठी लिहायचे हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. समितीने रजिस्टर मागितलं, त्याने रजिस्टर भरलं. त्यावर सचिवांची सहीसुद्धा होती.

किटबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सगळी गफलत तिथेच आहे. आपल्याकडे सर्रास वापरतात तो दोन नळ्यांचा छोटा प्लास्टिकचा डबा. एका नळीत लाल थेंब टाकून पीएच बघायचा, दुसऱ्या नळीत क्लोरीनसाठी थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. हे पिवळं करणारं रसायन म्हणजे ऑर्थोटोलिडीन, बाजारात त्याला ओटीओ म्हणतात. पाण्यातलं मोकळं, म्हणजे जंतू मारायला तयार असलेलं फ्री क्लोरीन आणि घाम-लघवीशी संयोग होऊन निकामी झालेलं क्लोरीन, या दोन्हींमुळे तो पिवळा रंग येतो. रविवारी संध्याकाळी चाळीस मुलं पोहून गेल्यावर पिवळा रंग छान गडद येऊ शकतो आणि तरीही त्या पाण्यात मोकळं क्लोरीन जवळपास संपलेलं असू शकतं.

याऐवजी डीपीडी नावाची चाचणी असते. पहिली गोळी टाकली की जो गुलाबी रंग येतो तो फक्त फ्री क्लोरीनचा. त्याच नळीत पुढची, तीन नंबरची गोळी टाकली की एकूण क्लोरीन कळतं. दोन्हींतला फरक म्हणजे निकामी, बांधलेलं क्लोरीन. तो फरक 0.4 पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम) वर जाऊ लागला की पाणी थकलंय असं समजायचं. एक बारकावाही सांगून ठेवते. क्लोरीन अतिशय जास्त झालं, 10 पीपीएमच्या पुढे गेलं, की गुलाबी रंग येताक्षणीच उडून जातो आणि नळीतलं पाणी रंगहीन दिसतं. नवशिक्या माणसाला वाटतं क्लोरीन शून्य आहे, आणि तो आणखी ओततो. अशा वेळी नमुन्यात क्लोरीन नसलेलं स्वच्छ पाणी मिसळून, पातळ करून पुन्हा तपासायचं असतं. हे शिकवायला अर्धा तास पुरतो. दिवसाला तीन तपासण्या धरल्या तरी गोळ्यांचा महिन्याचा खर्च एखाद-दोन टँकरच्या आसपास राहील. टँकर मागवताना आपण इतका विचार करत नाही.

आता आकडे किती असावेत? सार्वजनिक तलावासाठी फ्री क्लोरीन किमान 1 पीपीएम आणि गर्दीच्या वेळी 3 पर्यंत, पीएच 7.2 ते 7.8. जागतिक आरोग्य संघटनेची 2006 सालची मार्गदर्शक तत्त्वं साधारण हेच सांगतात. भारतीय मानक ब्युरोचंही तलावाच्या पाण्यासाठी वेगळं मानक आहे, आयएस 3328. तुमच्या कंत्राटात त्याचा साधा उल्लेख तरी आहे का, एकदा पाहा.

पीएच का लिहायचा, हे मला बैठकांमध्ये नेहमी विचारतात. क्लोरीन पाण्यात दोन रूपांत असतं आणि त्यातलं एकच रूप जंतूंवर जोरात काम करतं. पीएच 7.2 असताना सुमारे दोन तृतीयांश क्लोरीन त्या कामाच्या रूपात असतं. 7.5 ला निम्मं. 8 ला जेमतेम पाव. 8.5 ला दहावा हिस्सा. आपल्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी बहुधा जड असतं, त्याचा पीएच वर सरकत राहतो, आणि हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, तो आणखी वर ढकलतो. म्हणजे फलकावर क्लोरीन 1.5 लिहिलंय आणि पीएच 8.4 आहे, तर ते पाणी कागदावर उत्तीर्ण आणि प्रत्यक्षात नापास. एका आकड्याशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही, म्हणून मी दोन आकडे मागते आहे.

आणि मगाचा अंदाज का चालत नाही, तेही हिशोबाने पाहू. बारा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि सरासरी 1.2 मीटर खोल तलावात सुमारे 86 हजार लिटर पाणी मावतं. त्यात क्लोरीन 1 पीपीएमने वाढवायला 86 ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे ताज्या दहा टक्क्यांच्या हायपोचं पाऊण लिटरच्या थोडं वर. पण तोच कॅन पंपरूमबाहेर मे महिन्याच्या उन्हात पडून असेल तर त्याची ताकद निम्म्यावर येते. ब्लीचिंग पावडरचंही तसंच: ताजी असताना तिच्यात साधारण एक तृतीयांश क्लोरीन असतं, गोणी उघडी राहिली की ते झपाट्याने उडतं. शिवाय उघड्या तलावातलं साधं क्लोरीन दुपारच्या उन्हात दोन-एक तासांत बहुतेक उडून जातं. सकाळी सहाला टाकलेल्या मगाच्या भरवशावर संध्याकाळी सहाला मुलं पाण्यात उतरतात, तेव्हा तिथे काय उरलेलं असतं ते फक्त नळीच सांगू शकते.

यावर उपाय म्हणून हल्ली टीसीसीए नावाच्या क्लोरीन देणाऱ्या रसायनाच्या पांढऱ्या गोळ्या आल्या आहेत. वापरायला सोप्या, उन्हातही क्लोरीन टिकवून धरणाऱ्या. माझा त्यांना विरोध नाही. पण त्यांच्यासोबत पाण्यात सायन्युरिक ॲसिड जातं आणि ते मात्र उडत नाही, साठत राहतं. टीसीसीएने रोज 2 पीपीएम क्लोरीन दिलं तर सायन्युरिक रोज 1.2 पीपीएमने वाढतं. पाणी बदललं नाही तर तीन महिन्यांत ते शंभरीच्या पुढे. थोडं असलं तर ते क्लोरीनचं उन्हापासून रक्षण करतं, 30 ते 50 पीपीएम पुरे. शंभरीच्या पुढे तेच क्लोरीनला इतकं धरून ठेवतं की जंतू मारायला ते मोकळंच होत नाही. त्याला एकच इलाज आहे: थोडं थोडं पाणी काढून ताजं भरत राहणं. पाणीटंचाईच्या दिवसांत हे लिहिताना माझा हात अडखळतो. म्हणूनच सायन्युरिक महिन्यातून एकदा मोजा, 60 च्या वर जायला लागलं की काही दिवस हायपोवर या. पुढे सगळा तलाव उपसण्याची वेळ येणार नाही. पाणी वाचवायचं असेल तर मोजणं याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

सभासदांचे दोन गैरसमज समितीनेच दूर करायला हवेत. पहिला, वासाचा. तलावाजवळ गेल्यावर झणझणीत वास आला, डोळे चुरचुरले की लोक म्हणतात, आज क्लोरीन जास्त झालंय. मग समिती ऑपरेटरला क्लोरीन कमी करायला सांगते. तो वास आणि ती चुरचुर मुख्यतः क्लोरामाइन्सची असते, म्हणजे घाम, लघवी आणि त्वचेवरची घाण यांच्याशी झगडून निकामी झालेल्या क्लोरीनची. तिथे क्लोरीन कमी पडलेलं असतं. अशा वेळी रात्री तलाव बंद ठेवून, बांधलेल्या क्लोरीनच्या सुमारे दहापट क्लोरीन द्यायचं, पंप चालू ठेवायचा आणि आकडा 3 च्या आसपास उतरल्याशिवाय कुणाला पाण्यात सोडायचं नाही.

दुसरा गैरसमज निळ्या रंगाचा. शेवाळ धरू नये म्हणून बऱ्याच ठिकाणी मोरचूद टाकतात. पाणी सुरेख निळं दिसतं, फोटोही छान येतात. मोरचूद शेवाळाला आवरतं, पण जुलाबाच्या जंतूंपासून पोहणाऱ्यांना ते वाचवत नाही, आणि जास्त झालं की टाइल्सवर डाग आणि पिकल्या केसांवर हिरवट छटा. निळ्या रंगाऐवजी पारदर्शकता पाहा. सर्वांत खोल जागी तळाशी असलेली जाळी काठावरून स्पष्ट दिसली नाही, तर त्या क्षणी तलाव बंद झाला पाहिजे. गढूळ पाण्यात बुडालेलं मूल जीवरक्षकालाही दिसत नाही. इथे आरोग्याच्या आधी जिवाचा प्रश्न येतो. फिल्टरच्या प्रेशर गेजकडे रोज लक्ष द्या, दाब वाढला की बॅकवॉश करा, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवा, आणि शेवटची वाळू कधी बदलली ते खजिनदारांच्या फाइलीत शोधा. बहुतेक ठिकाणी ते बिल सापडणारच नाही.

आता पंपरूमबद्दल. मला सगळ्यांत जास्त काळजी याचीच वाटते.

ऑक्टोबर 2023 मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या कासारवाडीच्या महापालिका तलावावर क्लोरीन वायूची गळती झाली आणि पोहणाऱ्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. ती बातमी वाचून अनेक समित्यांना हायसं वाटलं, कारण आपल्याकडे वायूचे सिलिंडर नाहीत. पण सिलिंडर नसतानाही तोच वायू तुमच्या पंपरूममध्ये तयार होऊ शकतो. हायपो आणि पीएच उतरवायचं ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. मी पाहिलेल्या कित्येक पंपरूममध्ये निळ्या कॅनमधलं हायपो आणि पांढऱ्या कॅनमधलं हायड्रोक्लोरिक ॲसिड एकाच फळीवर शेजारी शेजारी होतं आणि दोन्हींसाठी एकच मग, कडा पिवळी पडलेला. पंपरूम तळघरात, लोखंडी जिना उतरून, एक बल्ब, पंखा नाही. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, तो खालीच साचतो. त्या खड्ड्यात उतरलेल्या मुलाला वर पळायला एकच जिना असतो. टीसीसीएची पावडर आणि ब्लीचिंग पावडर एकत्र झाली तर आग आणि स्फोटापर्यंत जाऊ शकतं, तेही याच फळीवर असतात.

नवीन सोसायट्यांमध्ये आपोआप रसायन सोडणारे डोसिंग पंप आहेत. त्यांचा एक धोका फार कमी लोकांना माहीत आहे. काही कारणाने पाणी फिरवणारा मुख्य पंप थांबला आणि डोसिंग पंप चालूच राहिले, तर हायपो आणि ॲसिड पाइपमध्येच एकमेकांना भेटतात. मग मुख्य पंप पुन्हा सुरू होतो आणि साचलेला वायू सरळ तलावात, पोहणाऱ्यांच्या तोंडाशी येतो. उन्हाळ्यात वीज जाते-येते, जनरेटरवर कधी एक पंप असतो, कधी दुसरा. मुख्य पंप थांबला की डोसिंगही थांबलंच पाहिजे, अशी जोडणी करून घ्या. आणि वीज आल्यावर पंप पुन्हा सुरू करताना पाण्यात कुणीही असता कामा नये. तुमच्याकडे ही जोडणी आहे का, एवढा एकच प्रश्न उद्या तुमच्या इलेक्ट्रिशियनला विचारा.

रसायनं वेगळ्या खोल्यांत ठेवा, वेगळे मग, त्यांवर मराठी आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत नावं. गमबूट, हातमोजे, गॉगल आणि मास्क सोसायटीने द्यावेत, कंत्राटदाराच्या मर्जीवर सोडू नयेत. तो मुलगा कंत्राटदाराचा असला तरी खोली तुमची आहे.

आजारांबद्दल भीती पसरवायची माझी इच्छा नाही, पण माहिती हवी. नीट क्लोरीन असलेल्या पाण्यात ई. कोलायसारखे जंतू मिनिटभरात मरतात. हेपॅटायटिस ए चा विषाणू सुमारे पाव तास टिकतो, जिआर्डिया हा पोटाचा परजीवी पाऊण तास. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा परजीवी मात्र 1 पीपीएम क्लोरीनमध्ये दहा दिवसही तग धरतो, आणि तो येतो तो जुलाब झालेल्या माणसाकडून. केरळमध्ये 2024 आणि 2025 साली मेंदू कुरतडणाऱ्या अमीबाचे रुग्ण आढळले आणि तिथल्या सरकारला विहिरी-टाक्यांच्या क्लोरिनेशनची मोहीम हाती घ्यावी लागली. तो आजार दुर्मीळ आहे, पण झाला तर जीवघेणा ठरू शकतो. तो अमीबा कोमट, गोड्या, निर्जंतुक न केलेल्या पाण्यातून नाकावाटे शिरतो. पुण्याच्या मे महिन्यातला उथळ बेबी पूल किती कोमट असतो, हात घालून पाहा. बेबी पूलला वेगळा फिल्टर आहे का, तिथलं क्लोरीन वेगळं मोजलं जातं का, हेही पाहा. पाणी कमी, मुलं लहान, ऊन थेट; तिथलं क्लोरीन सगळ्यांत आधी संपतं.

तलावात मूल शी करतं, ही गोष्ट घडते आणि आपण ती लाजेपोटी दाबून टाकतो. आई पटकन मुलाला उचलते, कुणीतरी जाळीने काढून टाकतं, पोहणं चालू राहतं. घट्ट शी असेल तर ती काढून, फ्री क्लोरीन 2 पीपीएम आणि पीएच 7.5 च्या आत ठेवून तलाव किमान 25 मिनिटं बंद ठेवायचा. पातळ जुलाब असेल तर गोष्ट वेगळी. सायन्युरिक नसलेल्या पाण्यात क्लोरीन 20 पीपीएमपर्यंत नेऊन, पीएच 7.5 च्या आतच ठेवून जवळपास तेरा तास राखावं लागतं, सायन्युरिक असेल तर त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे त्या दिवशी तलाव बंद. त्या आईला कुणी बोल लावू नये आणि तिने सांगितल्याबद्दल तिचे आभार मानावेत, असं वातावरण समितीच निर्माण करू शकते. ज्याला जुलाब होताहेत त्याने पाण्यात उतरूच नये, हेही फलकावर हवं.

सभासदांकडून एवढीच अपेक्षा ठेवा: पाण्यात उतरण्याआधी एक मिनिट शॉवर, अंगभर. आपल्याकडे डोक्याला खोबरेल तेल चोपडून मुलांना पोहायला पाठवतात, म्हणजे क्लोरीनने केस खराब होणार नाहीत. ते तेल पाण्यावर तरंगतं, टाइल्सच्या कडेला चिकट काळी रेघ धरतं, फिल्टरच्या वाळूत मुरतं. पोहून आल्यावर तेल लावा. पण शॉवर चालू हवेत! निम्म्या सोसायट्यांत तलावाजवळच्या शॉवरला पाणीच नसतं.

शेवटी कंत्राटाचं. आज तुम्ही "तलावाची देखभाल, रसायनांसह, महिन्याला इतके रुपये" असा करार करता आणि सगळ्यांत कमी भाव मंजूर करता. अशा करारात कंत्राटदाराचा फायदा एकाच गोष्टीत असतो: रसायन कमी वापरण्यात. रसायनाचं बिल वेगळं करा, सोसायटीने स्वतः खरेदी करावं, कंत्राटदाराला कामाचे पैसे द्यावेत. तपासणीचा किट सोसायटीचा असावा. आठवड्यातून एकदा कंत्राटदाराशी संबंध नसलेल्या कुणीतरी, समितीतल्या एखाद्या सदस्याने किंवा तयार असलेल्या सभासदाने, स्वतः नळी हातात धरावी. महिन्यातून एकदा नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवून त्यात जंतूंची तपासणी करून घ्यावी आणि तो अहवाल जसाच्या तसा सूचनाफलकावर लावावा, चांगला आला तरी आणि वाईट आला तरी.

ज्या सोसायट्यांत हा फलक लागला तिथे पहिल्या आठवड्यात आकडे वाईट येतात, हे मी आधीच सांगून ठेवते. काही सभासद व्हॉट्सॲप ग्रुपवर आरडाओरडा करतील, सचिवांना फोन येतील, आणि कुणीतरी सुचवेल की फलक काढून टाकू या. कृपया काढू नका. ऑपरेटरच्या मागे उभे राहा. त्याने वाईट आकडा खरा लिहिला म्हणून त्याची नोकरी जाणार असेल, तर दुसऱ्या दिवसापासून पुन्हा 7.4 आणि 1.5 येऊ लागतील.

मार्चच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, डीपीडी किट आणि फलक यांच्या खर्चाला मंजुरी द्यावी आणि पहिला आकडा लिहून होईपर्यंत तलाव मुलांसाठी उघडू नये, ही विनंती.

कळावे,
आपली नम्र,
पाणी तपासणी प्रयोगशाळेतील एक निवृत्त कर्मचारी आणि आपल्यासारख्याच एका सोसायटीची सभासद